चेंडूला हात न लावणारे

प्रश्न : फिलाडेल्फियात मुलाकडे आलेय. इथल्या ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या पुढच्या फळीचं सगळे कौतुक करतात. चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणारा सेंटर सोडला तर चेंडूला कुणी हातही लावत नाही, मग एवढं काय?

उत्तर : ताई, डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला पास टाकायला मिळतात जेमतेम तीन सेकंद. तीही फळीतले हे पाच जण प्रतिस्पर्ध्यांना अंगावर घेतात म्हणून! मला तर तेच खरे नायक वाटतात. अशी फळी नुसत्या पैशानं उभी राहत नाही, घडवावी लागते. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळाडू. अमेरिकन फुटबॉल कधीच खेळला नव्हता, तरी २०१८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सातव्या फेरीत ईगल्सनं घेतला. पाय मागे कसा टाकायचा, तळवे प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर कुठे रोवायचे, सगळं प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी शिकवलं. दोन मोसम तो सामन्यात उतरलाच नाही. एवढा धीर फार थोडे संघ धरतात. २०२४च्या मोसमात याच फळीमागून सेक्वॉन बार्कली चेंडू घेऊन २,००५ यार्ड धावला, आणि संघानं सुपर बोल हा अजिंक्यपदाचा सामनाही जिंकला. पुढच्या सामन्यात चेंडू सोडा, डावीकडच्या ६८ नंबरच्या मायलाटाचे पाय बघा.