बाटली दुकानाबाहेर पडल्यावर

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : कीटकनाशके, कायदा आणि मुले

खरिपाची फवारणी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पिकाइतकीच घरातल्या मुलांची काळजी असते. त्यातले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या कुंपणाला लागून कपाशीचे शेत आहे. भर शाळेच्या वेळात फवारणी होते. वास वर्गात येतो, मुलांचे डोळे चुरचुरतात. हे कायद्याने थांबवता येईल का? (शिक्षिका, वणी तालुका)

ताई, आज लागू असलेल्या कायद्यात शाळेपासून किती अंतरावर फवारावे याचा आकडाच नाही. आपला कीटकनाशक कायदा १९६८चा आणि नियम १९७१चे. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक यांवर त्यांची नजर आहे. पण कलम ३८ वाचा. स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कोणी कीटकनाशक, म्हणजे फवारणीचे औषध, वापरले, तर त्या वापराला हा कायदा लागू नाही असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे बाटली कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर असेपर्यंत कायदा तिच्यासोबत असतो आणि शेतकऱ्याच्या पिशवीत गेली की मागे राहतो. मुलांचा तिच्याशी संबंध येतो तो त्यानंतरच. आमच्या मते सगळ्यात आधी बुजवायला हवे ते हे भगदाड.

भारतीय न्याय संहितेचे कलम २८६ विषारी पदार्थ निष्काळजीपणे हाताळण्याबद्दल आहे. पण त्यात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि अंतर किंवा वेळ त्यातून ठरत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०१८पासून सरळ नियम केला : शाळेपासून पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या आत, सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळात विमानाने किंवा मोठ्या हवेच्या झोताच्या यंत्राने फवारायचे नाही. असा नियम आपल्याकडे होईपर्यंत ग्रामसभेचा ठराव हाच रस्ता आहे. ठरावात 'काळजी घ्यावी' असे मोघम लिहू नका. शाळेच्या वेळात कुंपणालगत फवारणी नाही, आदल्या दिवशी शाळेला निरोप, आणि वारा शाळेकडे असेल तर त्या बाजूच्या ओळी त्या दिवशी सोडायच्या, असे तीन मुद्दे घाला.

वारा पाहायला यंत्र लागत नाही. कापसाचा पुंजका डोक्याच्या उंचीवरून सोडा. तो शाळेकडे जात असेल तर थांबा. अगदी पडलेला वाराही चांगला नाही. पहाटे गार हवा जमिनीलगत बसलेली असते, त्यात बारीक तुषार खाली न बसता तरंगत राहतात आणि मग हळूच सरकतात. सूर्य वर आल्यावर मंद वारा शाळेकडून शेताकडे वाहत असेल ती वेळ धरा, आणि ती सुटीच्या दिवशी. झिजलेला नोझल बदलून घ्यायला सांगा, आणि दाब वाढवला की थेंब बारीक होऊन दूर उडतात हेही.

फवारणी सुरू झालीच, तर त्या बाजूच्या खिडक्या लावा, मुलांना पलीकडच्या वर्गात न्या, पाण्याच्या टाकीवर आणि पोषण आहाराच्या पातेल्यांवर झाकणे ठेवा, जेवणाआधी हात साबणाने धुवायला लावा, बाके ओल्या फडक्याने पुसा. तारीख, वेळ आणि औषधाचे नाव वहीत टिपून तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा. पाच-सहा नोंदी असल्या की पत्राला वजन येते.

प्रश्न : रिकाम्या बाटल्यांचे काय करायचे? आमच्याकडे त्या धुऊन तेल, रॉकेल भरायला वापरतात. (शेतकरी कुटुंबातील वाचक, परभणी)

वापरू नका, कितीही वेळा धुतल्या तरी. प्लास्टिकच्या अंगात औषध मुरलेले असते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले होते.

बाटली रिकामी झाली की त्याच वेळी, पंपाशेजारी, तीनदा खंगाळायची. पाव बाटली स्वच्छ पाणी घ्या, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवा, ते पाणी पंपातच ओता आणि बाटली अर्धा मिनिट उपडी धरून निथळू द्या. असे तीन वेळा. पाणी पंपातच गेल्यामुळे औषधही वाया जात नाही. विहिरीवर किंवा ओढ्यावर नेऊन धुतली, तर तेच औषध पाण्यात आणि माशांत जाते. नंतर खिळ्याने बुडाला आणि बाजूला भोके पाडा, म्हणजे कोणी ती पुन्हा वापरणार नाही. १९७१च्या नियमांतला ४४वा नियम सांगतो की रिकामी पॅकिंगे बाहेर टाकून ठेवू नयेत, मोडून वस्तीपासून दूर पुरावीत. जाळू तर मुळीच नका, धूर विषारी असतो. खरे सांगायचे तर प्लास्टिक पुरणे हा काही उपाय नव्हे. कंपनीने अनामत रक्कम देऊन बाटली परत घ्यावी, अशी सक्ती हवी. तोवर तुमच्या भागात ग्रामपंचायत किंवा विक्रेता गोळा करत असेल, तर भोके पाडलेल्या बाटल्या पोत्यात भरून तिथे द्या.

लेबलवरचा त्रिकोण मुलांनाही ओळखायला शिकवा. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. मात्र हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. हे रंग मुख्यतः एका वेळी पोटात गेलेल्या विषावरून ठरतात. थोडे थोडे, वर्षानुवर्षे अंगात जाणाऱ्या औषधाबद्दल त्रिकोण काही सांगत नाही.

प्रश्न : सोसायटीतले काही जण वर्षाच्या गव्हात किराणा दुकानातून आणलेल्या गोळ्या ठेवतात. लहान बाळ असलेल्या घरात त्याचा धोका आहे का? (गृहिणी, चिंचवड)

जिवावरचा धोका आहे, आणि तो ज्याने गोळी ठेवली त्याच्याच घरापुरता राहत नाही. ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. ३ ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याने विरघळते आणि सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. १० बाय १० फुटांची, १० फूट उंचीची बंद खोली घ्या; तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा असते. एकाच गोळीचा सगळा वायू तिथे साठला, तर प्रमाण दहा लाख भागांत २५च्या आसपास जाते. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा ०.३ आहे. म्हणजे ऐंशीपटीहून जास्त, आणि लोक डब्यात चार-पाच गोळ्या टाकतात. वायू हवेपेक्षा थोडा जड असतो. भिंतीच्या भेगांतून, पाइपच्या खोबणीतून, दाराखालच्या फटीतून तो शेजारच्या किंवा खालच्या घरात उतरतो. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणून वायू नाही असे समजू नका. याच्यावर उतारा नाही.

या बाबतीत नियम चांगला कडक आहे : ही गोळी फक्त सरकारी संस्था आणि कीडनियंत्रण करणारे परवानाधारक यांनी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायची. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर पूर्ण बंदी आहे. म्हणजे किराणा दुकानात कागदात बांधून मिळणारी सुटी गोळी मुळातच बेकायदा. सोसायटीच्या सभेत हे वाचून दाखवा आणि जिल्हा कृषी कार्यालयाकडे दुकानाची लेखी तक्रार करा.

कोणाच्या घरात गोळी ठेवलेली असेल, तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचे, दारे-खिडक्या उघडायच्या, वर-खालच्या घरांना उठवायचे आणि १०१वर अग्निशमन दलाला बोलवायचे. गोळीवर पाणी ओतू नका, ती संडासात किंवा सिंकमध्ये टाकू नका. पाणी लागले की वायू झपाट्याने सुटतो.

गहू टिकवायला विष लागत नाही. दाताखाली दाणा धरला की 'कट्' आवाज येईपर्यंत दोन-तीन कडक उन्हे द्या. मग रात्रभर पसरून गार करा. ऊन ऊन गहू कोठीत भरला की आत घाम धरतो आणि तिथेच पोरकिडे होतात. बहुतेकांचे इथेच चुकते. कोठी काठोकाठ भरा, झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावा. तूर, मूग यांना किलोला चमचाभर एरंडेल चोळा. बोरिक पावडर मात्र लावू नका, तीही मुलांना विषारीच.

प्रश्न : आमची निर्यातीची द्राक्षे तपासून जातात. नातवंडे खातात ती कोण तपासतो? (द्राक्ष बागायतदार, निफाड)

काका, प्रश्न रास्त आहे. निर्यातीच्या बागेची अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंद होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि तो पास झाल्याशिवाय कंटेनर हलत नाही. ही शिस्तही ठेच लागून आणखी घट्ट झाली. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षे अडवली. तेव्हा ते रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. देशातल्या बाजारासाठीही अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या औषधाच्या अंशाच्या मर्यादा आहेत, आणि जिथे वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे सर्वसाधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. पण नाशिक किंवा वाशीच्या मार्केटमध्ये येणारी प्रत्येक गाडी तपासून सोडण्याची सोय नाही, सगळी मदार अधूनमधून घेतलेल्या नमुन्यांवर. मर्यादा कागदावर दोघांना आहे, तपासणी मात्र परदेशी गिऱ्हाइकाला.

मुलांसाठी हा फरक मोठा आहे. वजनाच्या हिशेबाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त खाते, पिते आणि श्वास घेते, आणि मेंदू वाढीला लागलेला असतो. म्हणून अमेरिकेने १९९६च्या कायद्यात मुलांसाठी दहापट जादा सुरक्षेचा गुणक घातला, म्हणजे मर्यादा दहापट कडक धरायची. युरोपात बाळांच्या अन्नात कुठल्याही औषधाचा अंश सर्वसाधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅमपुढे चालत नाही. आपल्या १९६८च्या कायद्यात मुलांसाठी असा वेगळा गुणक नाही.

तुमच्या हातात आहे तो काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस. माहितीपत्रकात पिकाच्या नावासमोर दिवस दिलेले असतात. शेवटच्या फवारणीची तारीख वहीत, नाही तर निदान बागेच्या दारावर खडूने लिहून ठेवा. वाहत्या पाण्यात द्राक्षे धुतल्याने वरवरचा अंश कमी होतो. आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषले जाणारे, औषध फळाच्या आत असते, ते धुऊन जात नाही.

प्रश्न : मुलाने फवारणीचे औषध प्यायले किंवा अंगावर सांडले, तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावे? (आशा कार्यकर्ती, नंदुरबार)

कपडे लगेच काढा आणि अंग, केस, नखांच्या कडा साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा. डोळ्यांत गेले असेल तर नुसत्या पाण्याने. तुमच्या हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हवी. उलटी करवू नका. बऱ्याच औषधांत पेट्रोलियमचे द्रावण असते, ते उलटीबरोबर फुप्फुसात गेले तर जास्त घात होतो. मीठ-पाणी, दूध, तूप काही पाजू नका. मूल बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर मिळते.

बाटली किंवा लेबल सोबत न्याच. डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, तोंडाला लाळ, घाम, स्नायूंचे फडफडणे ही ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेची खूण. त्यावर उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. मूल सावरले तरी लगेच घरी आणण्याचा हट्ट करू नका. २४ ते ९६ तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. केसपेपरवर औषधाचे नाव लिहून घ्या. कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राज्य सरकार विषबाधेच्या नोंदी सक्तीने मागवू शकते, पण कागदावर नुसते 'अज्ञात विष' असेल तर त्या नोंदीचा उपयोग नाही.

प्रश्न : एवढी माणसे दगावल्यावर राज्य सरकार घातक औषधांवर कायमची बंदी का घालत नाही? (वाचक, यवतमाळ)

कारण तो अधिकार राज्याला नाही. कीटकनाशक कायद्याच्या कलम २७ खाली राज्य ६० दिवस विक्री थांबवू शकते, वाढवून ९० दिवस. कायमची बंदी केंद्राची. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, फवारा वरच्या दिशेने, बॅटरी पंपाचे बारीक तुषार, दमट उष्मा, आणि एकाच पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण. तेव्हा राज्याने पाच औषधांची विक्री ६० दिवस थांबवली. मुदत संपली तेव्हा हंगामही संपला होता.

मोनोक्रोटोफॉसचाच प्रवास पाहा. भाजीपाल्यावर बंदी २००५मध्ये. पण कपाशीसाठी ते दुकानात राहिले, आणि दुकानात आहे ते वांग्यावर पडणार नाही याची हमी कोण देणार? २०१३ला बिहार, २०१७ला यवतमाळ. ३६ एसएल, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या ३६ टक्के द्रावणाच्या, रूपाची नोंदणी रद्द व्हायला २०२३चा सप्टेंबर उजाडला, तोही साठा संपवायची मुदत देऊन. २०१८च्या आदेशाने १८ औषधे गेली. त्यातली फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस यांना २०२०च्या अखेरपर्यंत वेळ होता. क्लोरपायरिफॉस, जे वाळवीसाठी घरांच्या पायातही ओततात, २०२५च्या मे महिन्यात टिकाऊ विषारी रसायने हटवण्याच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत काही सवलतींसह आले. युरोपने ते २०२०मध्येच बंद केले होते.

आमदार-खासदारांना पत्र लिहाल तर 'घातक औषधे बंद करा' एवढ्यावर थांबू नका. २०२० साली राज्यसभेत कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक मांडले गेले, ते स्थायी समितीकडे गेले. नव्या कायद्यासाठी नेमके मागा : कलम ३८ची सरसकट सूट काढून शाळा, अंगणवाडी, विहीर यांच्यापासूनचे अंतर ठरवावे; राज्याला वर्षभरापर्यंत बंदीचा अधिकार द्यावा; मर्यादा ठरवताना मुलांसाठी वेगळा गुणक लावावा; रिकामी बाटली परत घेण्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी.

आणि दुकानातून पक्के बिल घ्या, त्यावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख लिहून घ्या. औषध संशयास्पद वाटले तर बाटली न फोडता पंचायत समितीतल्या कीटकनाशक निरीक्षकाला कळवा. तो दुकानातल्या त्याच बॅचचा नमुना घेऊन त्याचे तीन सीलबंद भाग करतो. एक विक्रेत्याकडे राहतो, एक प्रयोगशाळेत जातो, तिसरा न्यायालयासाठी. प्रयोगशाळेने ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. एकतिसाव्या दिवशी तो लेखी मागा.