चिनी ठशांचा डॉलर मोडीत देऊ का?

प्रश्न: काका नमस्कार, आजोबांच्या पेटीत चांदीचं एक मोठं नाणं निघालं. एका बाजूला ढाल-त्रिशूळ घेऊन उभी बाई, खाली १९०२, मागे चिनी अक्षरं. पण कुणीतरी त्यावर जागोजागी ठोकून ठेवलंय. सराफ्यात दाखवलं तर म्हणाले डॅमेज आहे, वजनावर घेतो. देऊन टाकू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: अजिबात देऊ नका! हा ब्रिटिश ट्रेड डॉलर आहे, १८९५ पासून हाँगकाँग आणि पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेला, आणि बहुतेक माल आपल्या मुंबईच्या टाकसाळीतला. भिंग घेऊन त्रिशुळाचं मधलं टोक बघा, तिथे इवलासा इंग्रजी बी असेल तर तो मुंबईचाच.

आणि ते ठोकलेलं म्हणजे डॅमेज नाही हो, चिनी व्यापाऱ्यांचे आणि सराफांचे ठसे आहेत ते. तिकडे चांदी मोजून नाही, तोलून घ्यायचे, त्यामुळे परक्या नाण्यावर कुणाचं चित्र आहे याला फारसा अर्थ नव्हता, सराफ आधी चांदी पारखायचा आणि खरी निघाली की आपला ठसा मारायचा, म्हणजे तेच नाणं फिरून दुकानात आलं तर पुन्हा पारखायला नको. पुढचा सराफ त्याचा ठसा मारणार, त्याच्या पुढचा त्याचा. काही नाणी तर ठोकून ठोकून वाटीसारखी खोलगट झालेली असतात! स्पेनचे, मेक्सिकोचे, अमेरिकेचे डॉलर, सगळ्यांवर हे मिळतं. आपल्याकडच्या जुन्या रुपयांवरही सराफांचे ठसे दिसतातच की.

इंदूरचा तर या व्यापाराशी जवळचा संबंध. माळव्याची अफू इथून मुंबईला, तिथून जहाजानं चीनला जायची आणि बदल्यात चांदी यायची. १८९३ पर्यंत कुणीही टाकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत होतं, त्यामुळे बाहेरून आलेली कितीतरी नाणी तिथेच वितळली. म्हणून जे हातात आहे ते भट्टीत जाताना बघवत नाही.

१९०२ साल दुर्मीळ नाही, तेव्हा लाखांची स्वप्नं नकोत. पण चिंच, पावडर, टूथपेस्ट काहीही लावू नका. ठशाच्या खोबणीत बसलेला काळेपणा हाच त्याच्या वयाचा पुरावा, एकदा घासला की गेला.

प्रश्न: ऑनलाइन असे डॉलर फार स्वस्त मिळतायत, घ्यावेत का?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर: चांदीच्या भावापेक्षा स्वस्त दिसलं की समजायचं नकली, आणि नकली माल बाजारात पोत्यानं आहे. ब्रिटिश ट्रेड डॉलर साधारण २६.९५ ग्रॅम, ९० टक्के चांदी, त्यामुळे हातात आला की आधी वजन करा. मग छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, तळाला टेकू द्यायचं नाही. काट्यावर २.६ च्या आसपास आकडा यायला हवा. ३ च्या वर गेला तर पितळ किंवा तसलंच काहीतरी. ठसेही नीट बघा, खऱ्या ठोक्यानं धातू दाबला जाऊन कडेला थोडा उचलला जातो, आणि दोन वेगळ्या नाण्यांवर तेच ठसे अगदी त्याच जागी दिसले तर दोन्ही एकाच साच्यातली. घ्यायच्या आधी विकणाऱ्याकडे काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो मागा, टाळाटाळ केली तर सरळ सोडून द्या.