ग्रेज अ‍ॅनाटॉमी या अमेरिकन हॉस्पिटल-मालिकेत डेनी वारल्यावर वाजतं ते गाणं कोणतं?

स्नो पॅट्रोल या बँडचं ‘चेसिंग कार्स’. दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग, २००६. गुलाबी गाऊनमधली डॉक्टर इझी तिचा पेशंट आणि प्रियकर असलेल्या डेनीला बिलगून पडलेली असते आणि तिचा सहकारी डॉक्टर अ‍ॅलेक्स तिला हलकेच उचलून घेतो. माझी ताई इथेच बडोद्यात रेसिडेंट डॉक्टर आहे. नाइट करून आली की दांडिया बाजारातल्या आमच्या ओसरीवर चहा घेते. एकदा तिला हा सीन दाखवला, तर कप हातातच निवला. हेच गाणं २०११च्या सातव्या सीझनमधल्या संगीतमय भागात कलाकार स्वतः गातात, तो भाग जरूर बघा. आणि हो, मालिकेतल्या बहुतेक भागांची नावंही गाण्यांवरूनच घेतलेली आहेत.