एकट्या पुरुषानं आठ वर्षांचा मुलगा दत्तक घ्यावा का?

इंग्लंडमधून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४४, लग्न केलेलं नाही, नोकरी कायमची, घर स्वतःचं, आई साताऱ्याला मोठ्या भावाकडे. दत्तक पालक म्हणून त्यांची चौकशी पूर्ण होऊन मंजुरी मिळाली आहे. आता सोशल वर्करनं एका आठ वर्षांच्या मुलाची माहिती त्यांच्यापुढे ठेवली आहे. मुलगा तीन फोस्टर घरांतून, म्हणजे मुलांना तात्पुरतं सांभाळणाऱ्या कुटुंबांतून, फिरलेला, शाळेनं काढून टाकलेला. राग आला की हाताला लागेल ते फेकतो, खाणं लपवून ठेवतो. ते लिहितात, ‘संध्याकाळी घरी आलो की दिवा मीच लावायचा आणि बोलायचं कुणाशी, तर टीव्हीशी. याचा कंटाळा आलाय. पण दादा म्हणतो, तू स्वतःचं एकटेपण घालवायला त्या पोराला आणतोयस. त्याचं खरं आहे का?’

थोडं खरं आहे. तरीही तुम्ही पुढं जावं, असं मला मनापासून वाटतं.

घर रिकामं वाटणं हा काही गुन्हा नाही. जोडपीही त्याच कारणानं मूल आणतात, त्यांना कुणी असा जाब विचारत नाही. इंग्लंडच्या २००२च्या दत्तक कायद्यानुसार एकविशी ओलांडलेली एकटी व्यक्ती, स्त्री असो वा पुरुष, मूल दत्तक घेऊ शकते. त्यातही पाच वर्षांवरच्या मुलांना घर मिळायला फार वाट पाहावी लागते, मुलग्यांना तर जास्तच. त्यामुळे तुमची तिथं गरज आहे.

अडचण वेगळीच आहे. हा मुलगा तुम्हाला सोबत देणार नाही, निदान पहिली काही वर्षं नाही. आल्यावर काही आठवडे तो अगदी शहाण्यासारखा वागेल. तुम्ही भावाला फोन करून सांगाल, ‘बघ, काही त्रास नाही.’ मग हळूहळू खरा मुलगा बाहेर येईल. ज्याला तीन घरं बदलावी लागली, तो चौथं घर कधी परत पाठवतंय हे बघत बसणारच. ‘तू माझा बाप नाहीस’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल, आणि तेही तुम्ही दमून घरी आलेल्या दिवशी. तुमच्या मायेची सगळी तहान त्या एका पोरावर अवलंबून असेल, तर ते वाक्य तुम्हाला झेपणार नाही. म्हणून ती तहान भागवायला आधी मोठी माणसं हवीत.

एक कागद घ्या. रात्री दोनला मुलगा खोलीचं दार आतून लावून आरडाओरडा करतोय, तर तुम्ही कुणाला फोन कराल? शाळेतून दुपारी बोलावणं आलं आणि तुम्ही मीटिंगमध्ये आहात, तर कोण जाईल? महिन्यातून एक शनिवार कुणी त्याला सांभाळेल, की तुम्ही नुसतं झोपावं? ‘मंडळातले सगळे आहेत’ हे उत्तर चालणार नाही, नावं लिहा. त्या माणसांना घरी जेवायला बोलवा आणि तोंडावर विचारा. नावं सुचत नसतील, तर मॅचिंगची, म्हणजे हा मुलगा तुमच्याकडं द्यायचा का हे ठरवण्याची, तारीख थोडी पुढं ढकलायला सांगा. त्यात कमीपणा काहीच नाही.

याच माणसांना एक अवघड गोष्टही सांगावी लागेल. आपल्याकडं घरात मूल आलं की सगळे त्याला उचलतात, जवळ घेतात, घास भरवतात, हातावर खाऊ ठेवतात. या मुलासाठी पहिले काही महिने ते बंद. खाणं, औषध, झोपवणं, पडल्यावर जवळ घेणं हे फक्त तुम्ही करायचं. ज्याला जो भेटला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं, त्या मुलाला आपला माणूस नेमका कोणता हे कळायला वेळ लागतो. वहिनींना वाईट वाटेल, तरी आधीच सांगून ठेवा. गणपतीची आरती, ढोल-ताशे, पन्नास अनोळखी चेहरे हे सगळं पुढच्या वर्षी. मराठीही शिकवायला बसू नका. स्वयंपाकघरात कानावर पडेल तेवढी पुरे. त्याचं नाव तर अजिबात बदलू नका. आजवरच्या आयुष्यातलं तेवढं एकच त्याच्यापाशी टिकलेलं आहे.

लपवलेल्या खाण्याबद्दल तुम्ही घाबरून लिहिलंय. माझ्या ओळखीच्या एका घरात गादीखाली घडी घातलेल्या पोळ्या सापडायच्या, वाळून कडक झालेल्या. वडिलांनी एक शब्दही न बोलता खालच्या फळीवर एक डबा ठेवला. त्यात चिवडा, बिस्किटं, राजगिऱ्याची वडी. ‘हा तुझा. विचारायचं नाही, संपला की मी भरीन.’ सुरुवातीला डबा रोज रिकामा व्हायचा आणि गादीखालीही काहीतरी असायचंच. बाबा भरत राहिले. बऱ्याच महिन्यांनी गादीखालचं थांबलं. अशा मुलाला ‘चोरी करतोस?’ असं विचारलं, तर तो फक्त लपवण्याची जागा बदलतो.

फटका मात्र कधीच नाही. ‘आम्ही नाही का मार खाऊन मोठे झालो’ हे आपल्याकडचं वाक्य या घरात आणू नका. आपला मार ओळखीच्या माणसाकडून होता. या मुलासाठी मोठ्या माणसाचा उगारलेला हात म्हणजे काय, हे त्याच्या फाइलमध्ये लिहिलेलं असेल. खोलीत एकटं कोंडून ठेवणंही नको. तो चिडला की त्याच खोलीत, थोडं लांब, गप्प बसून राहा.

आईंना कसं सांगायचं, असंही विचारलंत. ‘कुठलं कुळ, कुणाचं रक्त’ हे त्या म्हणणारच. त्यांना आठवण करून द्या, कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला आणि शाहू महाराज झाला. बडोद्याचे सयाजीरावही कवळाण्याहून दत्तक आलेले. मात्र ही दत्तकं गादीला वारस हवा म्हणून घेतली होती. तुमच्या घरी मुलाला घर हवं म्हणून तो येतोय, हा फरक आईंना शांतपणे समजावून सांगा. लगेच पटणार नाही. व्हिडिओ कॉलवर मुलाला त्यांच्यापुढं उभं करून ‘आजीला नमस्कार कर’ म्हणायची घाई करू नका.

दादा म्हणतात, ‘त्यापेक्षा आपल्याच नात्यातलं मूल घे.’ त्यांना सांगा, भारतात घरच्या घरी विधी करून मूल इकडं आणता येत नाही. ब्रिटनमधली परदेशी दत्तकाची प्रक्रिया टाळून मूल आणणं हा गुन्हा आहे. भारतातूनच घ्यायचं, तरी कारा या केंद्रीय संस्थेमार्फत सगळी प्रक्रिया नव्यानं सुरू होते. तिथल्या नियमानुसार एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही.

नोकरीच्या ठिकाणी आजच बोला. दत्तक रजा ५२ आठवड्यांपर्यंत मिळते, आणि ती सगळी लागेल असं धरून चाला. मूल घरी आल्यावर किमान दहा आठवडे गेल्याशिवाय कोर्टात अर्ज करता येत नाही. तो अर्ज उगाच घाईनं करू नका, आधी मदतीचं लेखी ठरवून घ्या. कोर्टाच्या आदेशानंतर तीन वर्षं मदतीची गरज तपासायची जबाबदारी मूल सोपवणाऱ्या कौन्सिलची, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेची, असते, पुढं तुम्ही राहता त्या कौन्सिलची. मानसोपचाराचा खर्च सरकारी निधीतून मागता येतो, पण तो अर्ज कौन्सिलच करते, म्हणून मागं लागावं लागतं. शाळा प्रवेशातही अशा मुलांना प्राधान्य असतं.

मॅचिंगच्या बैठकीपूर्वी तुम्हाला त्याच्या सध्याच्या फोस्टर आईला भेटता येईल. फाइल बाजूला ठेवा आणि तिला साधं विचारा: तो झोपतो कसा, रात्री उठतो का, राग येण्याआधी चेहऱ्यावर काय दिसतं, कुठला वास, कुठला आवाज त्याला सहन होत नाही, काय केलं की शांत होतो, आणि त्याला आवडणारं एखादं जेवण ती तुम्हाला शिकवेल का. तिच्या घरची चादर न धुता मागून घ्या. पहिल्या रात्री तुमच्या घरात ओळखीचा वास तेवढाच असेल.