कॅरिबियन अभ्यासाशी नाशिकचा काय संबंध?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकमध्ये इतिहास घेऊन एम. ए. करते आहे. इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठाच्या कॅरिबियन अभ्यासकेंद्राची माहिती वाचल्यापासून तिने त्याच विषयात संशोधन करायचे ठरवले आहे. वाडेकरांच्या संघाने १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली, यापलीकडे आम्हाला त्या बेटांची ओळख नाही. अशा केंद्रात कशाचा अभ्यास होतो आणि नाशिकच्या मुलीने तो का करावा?
— एक पालक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : वॉरिकचे केंद्र १९८४ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याला येसू पर्साद यांचे नाव देण्यात आले. पर्साद हे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील गयाना या देशाचे उद्योजक. त्यांचे पूर्वज भारतातून करारावर मजुरीसाठी गेले होते. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या नावातच आहे. अटलांटिक महासागरापलीकडे आफ्रिकेतून नेलेले, कॅरिबियनच्या ब्रिटिश वसाहतींमधील गुलाम १८३८ मध्ये पूर्णपणे मुक्त झाले आणि त्याच वर्षी कलकत्त्याहून निघालेली 'व्हिटबी' व 'हेस्पेरस' ही जहाजे मजूर घेऊन गयानाला पोहोचली, कारण उसाच्या मळ्यांना माणसे हवीच होती. १९१७ मध्ये ही भरती थांबेपर्यंत गयानात सुमारे २ लाख ३९ हजार आणि त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय उतरले. एकाच जहाजातून गेलेले लोक पुढे आयुष्यभर एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणत राहिले. प्रत्येकाच्या परदेशगमनाच्या परवान्यावर बापाचे नाव, जात, गाव, जिल्हा, अगदी अंगावरची खूणही नोंदवलेली असे. संशोधकाला याहून बोलके कागद क्वचितच मिळतात.

हे लोक बहुतांशी बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले होते. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूर मुख्यतः मॉरिशसला गेले, त्यामुळे आपली आडनावे त्रिनिदादमध्ये शोधण्यात तिने वेळ घालवू नये. नाशिकचा धागा वेगळा आहे आणि माझ्या मते तो अधिक मोलाचा आहे. अरबी समुद्रातील गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आपल्या शरणपूरमध्ये आणून शिकवले. तिथेच शिकलेला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेचे संशोधक व मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला. अटलांटिकमधील गुलामगिरी आणि हिंदी महासागरातील गुलामगिरी यांची तुलना करायची झाली, तर शरणपूर रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या मुलीहून जवळचे कोण?

केवळ इंग्लंडकडे पाहू नये, असेही मला आग्रहाने सांगावेसे वाटते. वेस्ट इंडीज विद्यापीठाची सुरुवात १९४८ मध्ये जमैकातील मोना येथे झाली. त्रिनिदाद आणि बार्बाडोस येथेही त्याची संकुले आहेत, आणि बेटांवरच्या लोकांनी स्वतःचा इतिहास स्वतः लिहायला घेतला तो प्रामुख्याने तिथे. गयाना किंवा त्रिनिदाद निवडल्यास इंग्रजी कागदपत्रांवर बरेच काम भागेल, मात्र भोजपुरी समजायला हवी. गयानाशेजारची जुनी डच वसाहत सुरीनाम निवडल्यास डच शिकावीच लागेल. म्हणून अर्ज भरण्याआधी तिने प्रदेश ठरवावा आणि विषयाचे दोन पानी टिपण तयार करून आपल्या प्राध्यापकांना दाखवावे.