ऑपेरा कधीच पाहिलेला नाही. कोणत्या सिनेमापासून सुरुवात करू?

ऑपेरा म्हटलं की न कळणाऱ्या भाषेतलं लांबलचक गाणं डोळ्यांसमोर येतं, तरी एकदा बघायचाय आणि तो हसवणारा हवा, असं तुम्ही विचारलंय. मी एकच नाव सांगेन: स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'द मॅजिक फ्लूट'. बर्गमन म्हणजे जड, अस्वस्थ करणारे सिनेमे अशी त्याची ख्याती आहे. ती या वेळी विसरून जा.

मूळ ऑपेरा मोझार्टचा. ३० सप्टेंबर १७९१ ला व्हिएन्नाच्या एका उपनगरी थिएटरात पहिला प्रयोग झाला आणि ५ डिसेंबरला मोझार्ट गेलाच. दरबारी इटालियन सोडून तो जर्मनमध्ये लिहिलेला होता आणि गाण्यांच्या मध्ये चक्क बोललेले संवाद होते, आपल्या संगीत नाटकात असतात तसे. संहिता शिकानेडरची; पापागेनो या विनोदी पारध्याचं कामही त्यानेच केलं. म्हणजे हा खेळ मुळातच सामान्य प्रेक्षकांसाठी होता.

बर्गमनने नेमकं तेच धरून ठेवलं. स्वीडिश टीव्हीवर १ जानेवारी १९७५ ला दाखवलेला हा सिनेमा त्याने स्वीडिशमध्येच गाऊन घेतला. मूळ जर्मन शब्दांवर जीव असलेल्यांना ते खटकतं, पण घरात बसलेल्या माणसाला गाण्यातला शब्द न् शब्द कळावा, हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो. (तुम्ही सबटायटल्स लावूनच बघा.)

दुसरं म्हणजे त्याने नाटकपण लपवलं नाही. स्टॉकहोमजवळ ड्रॉटनिंगहोम राजवाड्यात १७६६ चं थिएटर आहे. चित्रीकरणाची धामधूम त्या जुन्या वास्तूला झेपणारी नव्हती, म्हणून तिथला रंगमंच स्टुडिओत हुबेहूब उभारला. ड्रॅगन उघड उघड सोंगातला, देखावे रंगवलेले. सुरुवातीचं वाद्यसंगीत चालू असताना कॅमेरा मुख्यतः प्रेक्षकांचे चेहरे दाखवतो, आणि एका लहान मुलीच्या चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. पापागेनोच्या प्रवेशाची वेळ होते तेव्हा तो आत झोपलेला असतो. दचकून उठतो आणि धावत सुटतो. मध्यंतर पळवू नका: एरवी थरकाप उडवणारी, अंधाराच्या बाजूची रात्रीची राणी तिथे निवांत सिगारेट ओढताना दिसते.

गाणी आधी ध्वनिमुद्रित केलेली असल्यामुळे गायकांना ताणून, तोंड वासून गावं लागत नाही. त्यामुळे छायाचित्रकार स्वेन निक्विस्टचा कॅमेरा त्यांच्या अगदी जवळ जाऊ शकतो. थिएटरात दहाव्या रांगेतूनही जे दिसणार नाही, ते राणीच्या मुलीच्या, पामिनाच्या डोळ्यांत दिसतं. बर्गमनने कथेतही एक बदल केलाय: मूळ संहितेत प्रकाशाच्या बाजूचा पुरोहित सारास्त्रो पामिनाचा कोणी नाही, इथे तो तिचा बाप आहे. प्रकाश-अंधाराच्या भांडणाला त्यामुळे एका फुटलेल्या घराचं रूप येतं आणि आई मुलीच्या हातात खंजीर देते तो प्रसंग भलताच लागतो.

आणि पापागेनो! होकान हागेगोर्डने तो इतका लोभस केलाय की राजपुत्र तामिनो फिका पडावा. शेवटाकडे, बर्फात, प्रेयसी मिळत नाही म्हणून हा फास घ्यायला निघतो. कोणीतरी अडवेल या आशेने तीनपर्यंत मोजतो. एक... थांबतो, दोन... पुन्हा इकडेतिकडे बघतो. पुढे काय होतं ते मला पाठ आहे, तरी 'तीन' येईपर्यंत मी दर वेळी श्वास रोखून बसते.