सर्दी जाऊन महिना झाला, तरी फोडणीच्या ठसक्यानं बाबांची छाती का आवळते?

तुम्ही लिहिलंय की बाबा वीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रुईच्या धुळीत आहेत, कधी त्रास नव्हता. दिवाळीत जोराचं पडसं झालं, आणि तेव्हापासून मिरचीची फोडणी पडली किंवा चुलीतली पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) धुपली, की छाती आवळते. डॉक्टरांनी श्वासातून ओढायचे दोन पंप का दिले, हेही विचारलंत.

मी यवतमाळकडे औषधशास्त्र शिकवतो. प्रॅक्टिकलला खाटकाकडून बोकडाची श्वासनळी आणतो, तिच्या कड्या ३७ अंशांच्या खारट द्रावणात टांगतो आणि थेंबाथेंबानं हिस्टामिन, म्हणजे श्वासनळी आवळणारं रसायन, सोडतो. नळीचा स्नायू आवळला की आलेखावरची रेघ चढते. पोरांना माझं एकच सांगणं असतं, चिमटा नळीच्या आत घालू नका. आतलं अस्तर खरवडलं तर मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही.

असं का, ते १९८५ साली औषधशास्त्रज्ञ पॉल व्हॅनहूट यांच्या गटानं कुत्र्याच्या श्वासनलिकांवर दाखवलं. अस्तर काढलेल्या नळ्या हिस्टामिनला आणि अॅसिटिलकोलीन या तशाच आवळणाऱ्या रसायनाला जास्त जोरानं आवळल्या. रक्तवाहिन्यांचं अस्तर स्नायूला सैल करतं, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं. त्या कामाला १९९८ चं नोबेल मिळालं.

म्हणजे अस्तर हा नुसता आतून दिलेला गिलावा नाही. आलेली रसायनं ते अडवतं. स्वतः प्रोस्टाग्लँडिन ई-२ सारखी द्रव्यं सोडून खालच्या स्नायूला सैल ठेवतं. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्याजवळ संदेशवाहक रसायनं मोडून टाकणारी एन्झाइम असतात. तुमच्या फोडणीचंच घ्या. मिरचीतलं कॅप्सेसिन श्वासनळीतल्या बारीक मज्जातंतूंना डिवचतं. त्यांतून सबस्टन्स पी नावाचं रसायन सुटतं, आणि ते स्नायूला आवळायला सांगतं. अस्तर धड असेल तर त्याचं एन्झाइम या सबस्टन्स पीचे वाटेतच तुकडे करतं. सर्दीच्या विषाणूनं अस्तर सोललं की ते एन्झाइम कमी पडतं, मज्जातंतूही उघडे पडतात. घरात मिरची तेवढीच पडते, पण बाबांच्या स्नायूपर्यंत निरोप जास्त पोचतो. अस्तर भरून यायला काही आठवडे लागतात, म्हणून सर्दी गेली तरी त्रास राहतो.

आता पंप. सल्ब्युटामॉलचा पंप थेट स्नायू सैल करतो. काही मिनिटांत बरं वाटतं, चार-सहा तास टिकतं. अस्तराची सूज त्यानं जात नाही. ती उतरवायला दुसरा, स्टिरॉइडचा पंप. घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही, त्यामुळे लोक तोच बंद करतात आणि नेमकी इथंच चूक होते. डॉक्टर सांगतील तितके दिवस तो रोज घ्यायचा, प्रत्येक वेळी चूळ भरून पाणी थुंकायचं. तोवर बाबांना चुलीपासून लांब बसवा, कामावर नाकातोंडाला नीट बसणारा मास्क द्या.

एक गोष्ट मात्र बाबांना आजच विचारा. सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का? हो म्हणाले तर डॉक्टरांना रुईच्या धुळीचं स्पष्ट सांगा आणि फुंकर मारून होणारी फुप्फुसांची तपासणी करून घ्या. तो बिसिनोसिस असू शकतो. कापसाच्या धुळीनं होणारा तो वेगळा आजार आहे आणि धूळ सुरू राहिली तर नुसत्या पंपांनी आटोक्यात येत नाही.